अस्मानी की सुलतानी? हवामानबदलाचा वाद आणि आपले देणे

(पर्यावरण रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे झालेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. वक्ते निवृत्त भूगोल शिक्षक असून आमच्या आदिवासी सेवाकार्याचे जुने मित्र आहेत. – संपादक)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला तो प्रश्नाच्या रूपात दिला: हवामान बदलते आहे ते माणसामुळे की आपोआप? हा प्रश्न आपल्या मंडळीत हल्ली सारखा निघतो. महिला संघाच्या बैठकीत निघतो, तरुण संघात निघतो, आणि मोबाईलवर तर रोजच. कोणी म्हणतो, सगळे आपलेच पाप आहे. कोणी म्हणतो, हा परदेशी लोकांचा धंदा आहे. कोणी म्हणतो, ऊन-पाऊस देवाच्या हातात, माणूस तो कोण? तिघेही चांगली माणसे आहेत, म्हणून कोणाची टिंगल न करता बोलायचे ठरवले आहे.

आपल्या भाषेत या वादासाठी फार जुने शब्द आहेत. अस्मानी आणि सुलतानी. आभाळाने केलेले संकट ते अस्मानी, राज्यकर्त्याने केलेले ते सुलतानी. शेतकऱ्याने प्रत्येक दुष्काळात हाच प्रश्न विचारला आहे. आणि खरे सांगायचे तर दोन्ही नेहमी एकत्रच आली आहेत.

1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ घ्या. पाऊस गेला, हे अस्मानी. त्या काळात प्रशांत महासागराचे पाणी फार तापले होते, ज्याला आज आपण एल निनो म्हणतो, हे पुढे समजले. पण देशात माणसे मरत असताना धान्य जहाजांत भरून बाहेर जात होते, ही सुलतानी. पुढे 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून मुली व विधवा आणून केडगावला आसरा दिला तो याच दुष्काळांत. मग 1972 उजाडले. तो दुष्काळ इथे बसलेल्या अनेकांनी पाहिला आहे. पाऊस तेव्हाही रुसला होता. पण लाखो माणसांना रस्त्याच्या, नालाबांधाच्या, पाझर तलावांच्या कामावर मजुरी मिळाली, सुकडी मिळाली, आणि पूर्वीसारखा संहार झाला नाही. त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. आभाळ तेच, पण माणसांनी वेगळे वागायचे ठरवले म्हणून निकाल वेगळा लागला.

इतके दिवस हिशेब सोपा होता. आभाळाची बाजू देवाची, जमिनीवरची बाजू माणसाची. आता अडचण अशी झाली आहे की आभाळाच्या बाजूतही माणसाचा हात शिरला आहे. आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. तो हात शिरला आहे हे कशावरून, आणि शिरला असेल तर आपण काय देणे लागतो, हे पाहू.

"हवामान तर नेहमीच बदलत आले आहे"

हा पहिला आक्षेप, आणि तो खरा आहे. पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली. तेव्हा ना मोटारी होत्या ना कारखाने. मग या वेळी माणूस कसा दोषी?

अंगावरची गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही, ती अंगाची उष्णता धरून ठेवते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे काम तसे आहे. ही उब धरण्याची गोष्ट जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये प्रयोगशाळेत मोजून दाखवली. कोळसा जाळत राहिल्याने पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये मांडले. आपल्याकडे दुष्काळ पडला तेच हे साल. तेव्हा ना कोणता राजकीय पक्ष या विषयावर बोलत होता, ना कोणाला अनुदान मिळत होते.

1958 पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे हा वायू सतत मोजला जातो. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आज 420 च्या वर आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो 280 च्या आसपास होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे तपासले तर गेल्या आठ लाख वर्षांत तो 300 च्या फार वर कधी गेलेला दिसत नाही. म्हणजे गोधडी जाड झाली आहे, आणि ती दीडशे-दोनशे वर्षांत झाली आहे.

मग कोणी विचारेल, सूर्यच जास्त तापला नसेल कशावरून? सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थर आणि खालचा थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. जाड गोधडीखाली असेच होते, आत उकडते आणि उब बाहेर कमी जाते. शिवाय हवेत वाढलेला कार्बन हा फार जुना, जमिनीखाली गाडलेल्या कोळशा-तेलातला आहे, हे त्याच्या अणूंवरून ओळखता येते. चोराच्या हाताचे ठसे सापडावेत तसे हे आहे.

या कामासाठी 1988 मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी मंडळाने, ज्याला आयपीसीसी म्हणतात, 2021 च्या अहवालात माणसामुळे पृथ्वी तापली यात शंका उरलेली नाही असे स्पष्ट म्हटले. आपल्या भारताचे सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशांनी वाढल्याचे आपल्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा अहवाल सांगतो.

"शास्त्रज्ञही चुकतात"

हा दुसरा आक्षेप. हाही खरा आहे, आणि याचे मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. 2007 च्या अहवालात आयपीसीसीने हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतील असे लिहिले. नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भूशास्त्रज्ञ वि. के. रैना यांचे टिपण प्रसिद्ध केले. हिमनद्यांची माघार जगाच्या तापण्यामुळेच आहे हे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा सूर होता. तेव्हाचे मंत्री जयराम रमेश एका बाजूला आणि आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी दुसऱ्या बाजूला, असा जाहीर वाद पेटला. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीला 2035 चा आकडा चुकीचा असल्याचे मान्य करावे लागले.

यातून काहींनी धडा घेतला की सगळेच खोटे. मी वर्गात मुलांना वेगळे सांगत असे. हजारो पानांच्या अहवालातली एक ओळ चुकली, ती दुसऱ्या जाणकारांनी पकडली आणि ती दुरुस्त झाली. वहीत एक गणित चुकले म्हणून पाढे खोटे ठरत नाहीत. हिमनद्या 2035 ला संपणार नाहीत, पण त्या वितळत आहेत, हे त्यानंतरच्या मोजण्यांनी दाखवले आहे.

आणि शंका पेरणाऱ्यांचाही इतिहास पाहावा. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीचे जे अंदाज बांधले, ते पुढे बरेचसे बरोबर निघाले, असे 2023 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवले. त्याच काळात कंपनी बाहेर मात्र लोकांना शंका घ्यायला सांगत होती. तंबाखूच्या बाबतीत हेच झाले होते. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, म्हणून तंबाखू निर्दोष, असे म्हणणारे खूप काळ होते. आज कोणता डॉक्टर तसे म्हणेल?

"ऊन-पाऊस देवाच्या हातात"

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. जलप्रलयानंतर देवाने नोहाला दिलेले वचन आपण सारे जाणतो, की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन थांबणार नाही. अमेरिकेत काही विश्वासणारे याच वचनाच्या आधारे म्हणतात की माणूस हवामान बदलूच शकत नाही. तिथले सिनेटर जेम्स इनहॉफ असेच म्हणत. 2015 च्या फेब्रुवारीत ते सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आले होते, बाहेर एवढी थंडी आहे तर तापमानवाढ कसली, हे दाखवायला.

मी ईश्वरविद्येचा पंडित नाही. पण एवढे कळते की देवाचे वचन हे आपल्या निष्काळजीपणाचा परवाना नाही. देव आयुष्य देतो म्हणून आपण रस्ता न बघता ओलांडत नाही. त्याच उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बाग माणसाच्या हाती दिली ती मशागत करण्यासाठी आणि राखण्यासाठी. राखणदार झोपला तर बागेचे नुकसान होते, हे मालकाच्या सामर्थ्यावर बोट ठेवणे नव्हे.

आणि विज्ञान व विश्वास यांचे वैर आहे असेही समजू नका. आयपीसीसीच्या वैज्ञानिक विभागाचे काम अगदी सुरुवातीपासून अनेक वर्षे ज्यांनी सांभाळले ते सर जॉन हॉटन वेल्सचे होते आणि श्रद्धाळू इव्हँजेलिकल ख्रिस्ती होते. आपल्या कॅथलिक बांधवांना माहीत आहे की पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये याच विषयावर संपूर्ण परिपत्रक लिहिले आणि या तापण्याचा फटका गरिबांना आधी बसतो हे आवर्जून सांगितले.

सबब म्हणून हवामानबदल

आता दुसरी बाजू. हवामानबदल मान्य करणारेही एक चूक करतात. जे काही वाईट घडते ते त्याच्या नावावर टाकतात आणि हात झटकतात.

2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला, आणि 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आभाळ कोपले हे खरे. पण मराठवाड्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उसाला हंगामभर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. तरीही कारखाने वाढत गेले आणि ऊस वाढत गेला. बोअर पाचशे फुटांवरून हजार फुटांवर गेले. 2019 मध्ये इथल्या विभागीय आयुक्तालयाने शासनाला अहवाल दिला की मराठवाड्यात ऊस थांबवावा. त्याच वर्षी आपल्या शहरातून विमाने उडवून ढगांत मीठ फवारण्याचा प्रयोगही झाला. आभाळाकडून पाणी मागायला आपण तयार होतो, पण उसाकडून पाणी परत मागायला नाही.

म्हणून सांगतो, दूरचा धूर आणि जवळचा खड्डा, दोन्हीचा हिशेब मांडावा लागतो. एकाच्या आड दुसरे लपवू नये.

डोंगरावर राहणाऱ्यांचे काय?

बंधूंनो, आपले सेवाकार्य ज्यांच्यात आहे त्यांच्यासाठी हा वाद पुस्तकी नाही.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मग पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मध्ये मोठा खंड पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आपण हे डोळ्यांनी पाहिले. ज्या मराठवाड्याला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच मराठवाड्यात 2025 च्या सप्टेंबरात पुराने शेतातली माती वाहून नेली.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातले माळीण हे महादेव कोळी बांधवांचे गाव डोंगराखाली गेले. 151 माणसे गेली. नंतर वाद झाला. कोणी म्हणाले, पाऊस प्रचंड होता. कोणी म्हणाले, डोंगरउतारावर यंत्रे लावून जमीन सपाट केली, त्याने डोंगर सैल झाला. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी ही ठाकर वस्ती तशीच गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले आणि 57 जणांचा शोध थांबवावा लागला. आपल्या जवळचे सांगायचे तर 2021 च्या ऑगस्टअखेर कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, आणि खाली चाळीसगावात तितूर नदीचे पाणी घराघरांत शिरले.

त्या घाटाच्या आसपास, कन्नड-सोयगावच्या डोंगरांत आपले भिल्ल आणि ठाकर बांधव राहतात. त्यांच्या घरात ना फ्रीज आहे, ना दारात चारचाकी. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेत तो त्याच्या सातपट आहे. पण ही देशाची सरासरी झाली. आपल्या शहरातले एसी लावणारे घर आणि डोंगरावरची कुडाची झोपडी या सरासरीत एकत्र मोजली जातात. झोपडीचा वाटा जवळजवळ शून्य आहे.

आणि नुकसान? चैत्रात मोहाची फुले वेचायची, तेव्हा अवकाळी पाऊस आला की ती कुजतात. खरिपात महिनाभर खंड पडला की कोरडवाहू मका, बाजरी हातची जाते. विहीर आटते, मग कुटुंब कोयता घेऊन ऊसतोडीला निघते आणि मुलांची शाळा सुटते. ज्या उसाने पाणी प्यायले, तोच ऊस तोडायला ते जातात. अस्मानी आणि सुलतानी दोन्ही एकाच डोक्यावर येतात.

दान की देणे?

म्हणूनच वादाचे उत्तर आपल्या देणगीच्या पाकिटापर्यंत येते. दुष्काळ निव्वळ अस्मानी असेल तर आपण पाठवतो ती मदत दया ठरते. आपण चांगले म्हणून देतो. पण त्यात माणसाचा हात असेल, आणि त्या हातात थोडासा आपलाही असेल, तर आपण देतो ते देणे ठरते. देण्यात उपकाराची भाषा बसत नाही.

जक्कयाची गोष्ट आठवा. तो लोकांवर दया करतो असे म्हणाला नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याच्या घरी तारण आले. आपण कोणाच्या घरात शिरून चोरी केलेली नाही, हे मला मान्य आहे. पण आपली वीज कोळशाची आहे, आपली साखर मराठवाड्याच्या पाण्याची आहे, आणि तिची किंमत आपल्या बिलात पूर्ण लिहिलेली नसते. उरलेली किंमत कोणीतरी डोंगरावर भरत असते.

मग काय करायचे? मी तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी विचारा: हे कोणी मोजले, कधी मोजले, आणि हे सांगण्यात कोणाचा फायदा आहे? मुलांनाही हे विचारायला शिकवा.

दोन, आपल्या चर्चच्या आणि शाळांच्या छपरांचे पाणी गटारात जाऊ देऊ नका. ते बोअरजवळ जिरवा. जवळचा खड्डा आपल्याला बुजवता येतो.

तीन, आदिवासी बांधवांना घोंगड्या आणि धान्य द्याच, पण त्यांच्या हक्काच्या कामातही सोबत करा. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो 2009 मध्ये मिळवला, आणि आज तिथली ग्रामसभा आपले जंगल आपण सांभाळते. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाडा या आदिवासी गावाने उजाड झालेले शेकडो हेक्टर जंगल राखून पुन्हा उभे केले, आणि त्या गावात पाणी टिकू लागले. तिथले चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या कन्नड-सोयगावच्या पाड्यांवर असे दावे तयार करायला कागद लिहिणारे, नकाशा वाचणारे, तहसील कचेरीत सोबत जाणारे लोक हवे आहेत. या मंडळीत निवृत्त शिक्षक, तलाठी, कारकून भरपूर आहेत. त्यांच्या एका दिवसाची किंमत एका घोंगडीहून मोठी आहे.

ज्याने आभाळ निर्माण केले, त्याच्यासमोर आपण एक दिवस उभे राहू. तेव्हा आभाळाचा हिशेब त्याने आपल्याला विचारला, तर ते तुझे होते, आम्हाला काय माहीत, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. आपल्याला माहीत आहे. सभा संपल्यावर मी बाहेरच्या व्हरांड्यात वही घेऊन बसणार आहे. वनहक्काच्या कामासाठी महिन्यातला एक शनिवार ज्यांना देता येईल, त्यांनी नाव आणि गाव लिहून जावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.